चक्रवाढव्याजाचे गणित आणि शेतकऱ्याचे खत

गणित हा विषय शाळेतील मुलांचा आणि व्याज हा सावकाराचा, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः हे दोन्ही विषय एकच होत. व खानदेशास तर ते वडिलोपार्जित आहेत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' ग्रंथात (इ. स. ११५०) मुद्दल व व्याज यांची उदाहरणे आहेत, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ नातू चांगदेव यांनी स्थापिलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावाजवळील पाटण येथे आहे.

आता आपले उदाहरण घेऊ. एरंडोल तालुक्यातील एका शेतकऱ्याने कपाशीच्या पेरणीस १०,००० रुपये दरमहा दरशेकडा २ रुपये व्याजाने काढले असे समजा. सरळव्याजाने वर्षाचे व्याज २,४०० रुपये होते. परंतु व्याज दरमहा मुदलात मिळविण्याचा करार असल्यास पहिल्या महिन्यास २००, दुसऱ्यास २०४, तिसऱ्यास २०८ रुपये ८ पैसे, असे ते वाढत जाऊन वर्षाअखेर रास १२,६८२ रुपये होते. फरक २८२ रुपयांचाच दिसतो. पण पीक बुडून तीन वर्षे काहीच फिटले नाही, तर सरळव्याजाने १७,२०० आणि चक्रवाढीने सुमारे २०,३९९ रुपये देणे होते. दर तोच, बोजा मात्र ३,१९९ रुपयांनी अधिक!

चक्रवाढीने मुद्दल दुप्पट केव्हा होईल, हे तोंडी काढण्याची रीत अशी: ७२ या संख्येस व्याजाच्या दराने भागावे. येथे ७२ भागिले २, म्हणजे ३६ महिने; सरळव्याजाने ५० लागतात. उत्तर स्थूल असते, तथापि व्यवहारास पुरते. एका वेळी घ्यावयाचे व्याज मुदलाहून अधिक नसावे, असा दामदुपटीचा जुना नियम आहे. चक्रवाढ ती मर्यादा तीन वर्षांतच गाठते, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून खतावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. दर महिन्याचा की वर्षाचा? व्याज मुदलात केव्हा मिळवावयाचे? मध्यंतरी केलेला भरणा आधी व्याजात जमा होणार की मुदलात?

हेच चक्र ठेवीदारास अनुकूल फिरते. दरसाल दरशेकडा ६ रुपये चक्रवाढीने ठेविलेली रक्कम सुमारे १२ वर्षांत दुप्पट होते.

अभ्यासार्थ: ५,००० रुपयांची, दरसाल दरशेकडा १२ प्रमाणे, वार्षिक चक्रवाढीने ३ वर्षांची रास काढा. (उत्तर: ७,०२४ रुपये ६४ पैसे.) हे उदाहरण घरातील शिकत्या मुलामुलींकडून सोडवून घ्यावे, आणि त्यानंतर आपल्या स्वतःच्या खताचे त्यांच्यापुढे ठेवावे.