सगळं घर घेऊन रात्रीची गाडी

धुळ्या-जळगावकडची माणसं पुण्याला, कोल्हापूरला निघाली की आधी ट्रॅव्हल्सची सीट विचारतात. रात्री बसायचं, पहाटे पुण्यात उतरायचं. एकट्यादुकट्याचं ते ठीक आहे. पण सोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, गुडघ्यांनी बेजार झालेले आप्पा आणि दोन लहान पोरं असतील, तर वेळ जास्त लागला तरी रेल्वेनंच जावं, हे माझं ठाम मत आहे. सासर धुळ्याचं, माहेर जळगावचं, आणि अंबाबाईच्या दर्शनाला आमचं घर जातं ते महाराष्ट्र एक्सप्रेसनं. गोंदियाहून निघालेली ही गाडी संध्याकाळी खान्देशात येते, मनमाडहून नगर-दौंडच्या वाटेला लागते, रात्र पुण्याकडे काढते आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूर गाठते. १३०० किलोमीटरांच्या वर धावते, पण राज्याची हद्द ओलांडत नाही.

१. तिकीट घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाकडे बघून काढावं.
एका तिकिटावर सहा जण बसतात म्हणून सगळ्यांची नावं एकत्र घालायची आपली सवय. पण साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा जो कोटा असतो, तो तिकिटावर एक किंवा दोघेच असतील तरच लागू होतो. म्हणून सासूबाई आणि आप्पांचं तिकीट वेगळं काढावं. डबा वेगळा येण्याची भीती असते, ती खरी आहे. त्यावर उपाय एकच, लवकर काढणं. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं, तेव्हा तो दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवावा. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट मिळतं, पण बर्थ नको असेल तरच. बर्थ हवा तर पूर्ण पैसे. रात्रभराच्या प्रवासाला ते खुशाल भरावेत. मुलाला कुशीत घेऊन अरुंद बर्थवर कोणाचीच झोप होत नाही.

२. आठाचा पाढा यावा.
थ्री टियरमध्ये बर्थच्या नंबराला आठानं भागायचं. बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा, २ किंवा ५ तर मधला, ३ किंवा ६ तर वरचा, ७ तर साइड लोअर. पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. आमच्या धाकट्याला हे शिकवलं, तेव्हापासून तिकीट हातात पडताच तो सगळ्यांच्या जागा सांगतो.

३. बारानंतरची गाडी म्हणजे उद्याची तारीख.
जळगाव, भुसावळला मध्यरात्रीनंतर पुष्कळ गाड्या येतात. शनिवारी रात्री साडेबाराला बसायचं तर तिकीट रविवारचं लागतं. शेजारचं एक अख्खं कुटुंब बोचकी घेऊन स्टेशनवर गेलं आणि त्यांची गाडी आदल्याच रात्री गेलेली होती.

४. धुळेकरांचा प्रवास चाळीसगावला सुरू होतो.
चाळीसगाव-धुळे हा फाटा १९०० सालचा. तेव्हापासून धुळ्याचा माणूस मोठ्या गाडीसाठी छप्पन-सत्तावन्न किलोमीटर चाळीसगावला जातो. २०२४ मध्ये मंजूर झालेला मनमाड-इंदूर मार्ग धुळ्यावरून जाणार आहे. तो व्हावा ही मनापासून इच्छा आहे. तोवर चाळीसगावला हाताशी भरपूर वेळ ठेवून पोहोचावं. गाडी तिथं थोडाच वेळ थांबते, म्हणून कामं आधी वाटून घ्यावीत. एकानं आधी चढून हात द्यायचा, मग सासूबाई, आप्पा, पोरं. सामान शेवटी. सामान आधी चढवलं की दारात गर्दी होते आणि म्हातारी माणसं खालीच राहतात.

५. मधला बर्थ उघडण्याआधी जेवून घ्यावं.
मधला बर्थ साखळीला लागला की खालच्या माणसाला ताठ बसता येत नाही. झोपायची वेळ रात्री १० ते सकाळी ६, म्हणजे मनमाड यायच्या आत डबे उघडलेले बरे. पहिल्या रात्री भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाचं वांगं असलं तरी कांद्याची पात घातलेलं भरीत सकाळपर्यंत टिकत नाही; ते त्याच रात्री संपवावं. सकाळसाठी दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि जरा हिरवट केळी. दशम्या गरम असताना डब्यात भरू नयेत, वाफेनं चिकट होतात. सुती फडक्यात पूर्ण गार करून बांधाव्यात.

आणि थोडं जास्तीचं न्यावं. समोर अकोल्याचं कुटुंब असतंच. सासूबाई त्यांना अहिराणीत विचारतात, “कथा जाई राहिनात?” पलीकडून वऱ्हाडीत उत्तर येतं, त्यांचा चिवडा इकडे, आमच्या पुऱ्या तिकडे. पोरांनी हे डोळ्यांनी बघावं, ऐकावं, म्हणूनही मला ही गाडी आवडते.

६. रात्री माणसाला उठता आलं पाहिजे.
माझ्या आग्रहामागचं खरं कारण हेच. आप्पांना मधुमेह आहे. बसमध्ये ढाबा येईपर्यंत त्यांना कळ सोसावी लागते. ड्रायव्हरला थांबवा म्हणायचा संकोच वाटतो, म्हणून ते दुपारपासून पाणीच कमी पितात. हे मी पाहिलं आहे आणि त्याचा मला फार त्रास होतो. गाडीत ते रात्री दोनदा उठतात, दांडीला धरत सावकाश जाऊन येतात, कोणाची विनवणी करावी लागत नाही. त्यांच्या चपला बर्थखाली मोकळ्या ठेवू नयेत, हेलकाव्यांनी पार पलीकडे जातात. पिशवीत घालून उशाशी बांधाव्यात. रात्रीच्या गोळ्या सामानात न ठेवता खिशात ठेवाव्यात. घरातला एक धडधाकट माणूस त्यांच्या समोरच्या नाहीतर वरच्या बर्थवर हवा.

रात्रीच्या गाडीची ही सोय गृहीत मात्र धरू नये. युरोपात स्वस्त विमानांपुढे रात्रीच्या गाड्या एकेक करून बंद पडल्या. जर्मन रेल्वेनं २०१६ च्या अखेरीस आपल्या स्लीपर गाड्या थांबवल्या आणि त्यांतले काही मार्ग ऑस्ट्रियाच्या रेल्वेनं ‘नाइटजेट’ नावानं चालवायला घेतले. तिथंही सहा बर्थचा कप्पा असतो आणि पोराबाळांची कुटुंबं तो अख्खा घेऊन एका शहरात झोपतात, दुसऱ्यात उठतात. गेलेली सोय परत आणायला त्यांना किती खटपट करावी लागते आहे! आपल्याकडे ती अजून शाबूत आहे. तिच्यात बसणारी माणसं कमी झाली तर ती राहील याची खात्री मला वाटत नाही.

७. परतताना नांदगाव लक्षात ठेवावं.
येताना चाळीसगाव भल्या सकाळी येतं. घड्याळाचा गजर लावून उपयोग नाही, गाडी उशिरा असली तर सगळे उगाच जागे होतात. रेल्वेच्या १३९ या फोन क्रमांकावर स्टेशनाआधी उठवायची सोय लावता येते, ती लावावी. शिवाय मनमाडला चहावाल्यांच्या आरोळ्यांनी जाग येतेच. त्यानंतर नांदगाव मागे पडलं की पोरांना उठवावं, पांघरुणं आवरावीत, सामान दाराजवळ न्यावं. सासूबाई-आप्पांना मात्र गाडीचा वेग कमी होईपर्यंत जागेवरच बसू द्यावं, दारात उभं करू नये. धुळ्याची गाडी लगेच नसेल तर एसटी मिळते. आधी स्टेशनवर दोघांना चहा पाजावा, आप्पांना दशमीचा तुकडा द्यावा, आणि मगच स्टँडकडे निघावं.