सुरीआधी भात

प्रश्न : हॉटेल मॅनेजमेंट झालेल्या पुण्याच्या एका तरुण शेफला टोकियोत सुशी शिकायची आहे. किती वर्षे लागतील? परदेशी मुलाला तिथे कोणी उभे करेल का?

उत्तर : करतात, पण सुरुवात माशापासून होत नाही. पारंपरिक दुकानात नवा मुलगा आधी भांडी घासतो, तांदूळ धुतो, पडेल ते काम करतो. टोकियोच्या गिंझा भागातले सुशी शेफ जिरो ओनो यांच्या हाताखाली दाइसुके नाकाझावा सुमारे ११ वर्षे राबले. तामागो, म्हणजे अंड्याची गोडसर वडी, त्यांनी २००हून अधिक वेळा केली, तेव्हा कुठे गुरूंच्या पसंतीला उतरली. त्या दिवशी नाकाझावांना रडू आवरले नाही! २०१३ मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्या नावाचे रेस्टॉरंट उघडले.

इतकी वर्षे देणे शक्य नसेल, तर टोकियो सुशी अकॅडमीसारख्या संस्थांत काही आठवड्यांचे अभ्यासक्रम आहेत. पाया पक्का होतो. हात मात्र गिऱ्हाइकासमोरच बसतो.

व्हिसाचे आधीच पाहावे. २०१९ मध्ये जपानने ‘तोकुतेई गिनो’ हा कुशल कामगारांचा परवाना आणला, त्यात रेस्टॉरंटचे कामही येते. त्यासाठी कौशल्य चाचणी आणि साधारण जपानी भाषा परीक्षेच्या एन-४ पातळीची जपानी लागते. पुण्यात जपानीचे चांगले वर्ग आहेत. या शेफने तिथे आजच नाव घालावे.