चिंतेच्या दिवसांत घरचा पाव



२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी सुरू झाली, ते दिवस आठवा. हाताला काम नाही, एका खोलीत पाच-सहा माणसं, रात्री झोप नाही. आमच्या नाक्यावरची बेकरी बंद झाली आणि चहाबरोबरचा पावही गेला. तेव्हा विहारातल्या आम्ही काही जणी घरीच पाव करायला शिकलो. पहिला पाव विटेसारखा कडक झाला. पोरं म्हणाली, "आई, हा तर पेव्हर ब्लॉक!" कित्येक दिवसांनी घर हसलं.

टाळेबंदी गेली, चिंता गेली नाही. कुणाची नोकरी सुटते, कुणाला घर पाडण्याची नोटीस येते, कुणाच्या घरी आजारपण असतं. म्हणून या वेळी हा धडा.

मळताना मनाचं काय होतं?

चिंतेत मन उद्याच्या गोष्टीत अडकतं. श्वास उथळ होतो, छाती धडधडते, तेच ते विचार फिरत राहतात. सम्यक स्मृती म्हणजे आत्ता जे चालू आहे त्याचं भान. ते डोळे मिटून बसल्यावरच येतं असं नाही. पीठ दाबताना सावकाश श्वास सोडा, घडी घालताना श्वास घ्या. मन भटकलं तर स्वतःवर रागावू नका, हाताखालच्या पिठाकडे परत या.

साहित्य (६ पाव)

कणीक २०० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, कोरडं यीस्ट १ लहान चमचा, साखर १ चमचा, मीठ पाऊण चमचा, तेल १ मोठा चमचा, कोमट पाणी सुमारे २०० मिली.

कृती

१. अर्ध्या कोमट पाण्यात साखर आणि यीस्ट घालून १० मिनिटं ठेवा. फेस आला तर यीस्ट जिवंत आहे. फेस नाही आला तर पीठ वाया घालवू नका, नवं यीस्ट आणा. पाण्याचा बोटाला चटका बसता कामा नये. आमची वीट झाली ती कढत पाण्यानेच, यीस्ट मेलं होतं.

२. पीठ, मीठ, यीस्टचं पाणी आणि लागेल तसं उरलेलं पाणी घालून पोळीच्या कणकेपेक्षा सैल भिजवा. तेल लावून १०-१२ मिनिटं मळा. आधी चिकटतं, मग गुळगुळीत होतं. वरून पीठ भुरभुरत राहू नका.

३. ओलं फडकं झाकून तास-दीड तास ठेवा. पीठ दुप्पट झालं पाहिजे. थंडीत जास्त वेळ लागतो.

४. सहा गोळे करून तेल लावलेल्या पसरट ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवा. आणखी अर्धा तास फुगू द्या.

५. जाड पातेल्यात अर्धा इंच जाडं मीठ पसरा, त्यावर रिंग ठेवा. झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा. डबा आत ठेवून मंद आचेवर ३५-४० मिनिटं भाजा. पावाच्या बुडावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला. वरून पांढरा राहिला तर तव्यावर उलटा दोन मिनिटं शेका.

खिडकी उघडी ठेवा, लहान मुलांना दूर ठेवा. नॉनस्टिक भांडं आणि प्रेशर कुकर यासाठी वापरू नका.

नेहमी येणारी शंका

"यीस्टने दारू बनते, मग शील मोडत नाही का?" यीस्ट साखर खातं, त्यातून वायू आणि थोडा मद्यार्क तयार होतो. वायूने पाव फुगतो, मद्यार्क भाजताना बहुतेक उडून जातो. पावाने नशा होत नाही. पाचवं शील नशेपासून आणि तिच्यातून येणाऱ्या बेसावधपणापासून दूर राहायला सांगतं. निर्धास्त खा.

कुणी किती खावा?

मधुमेह असेल तर कणकेचा पावही साखर वाढवतो, हे विसरू नका. एकच घ्या, तोही चहात बुडवून नको. मटकीची उसळ, डाळ किंवा अंडं सोबत असू द्या. घरचा पाव दोन दिवस टिकतो. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच भाग काढू नका, अख्खा पाव टाका.

शिळ्या तुकड्यांशी आपलं जुनं दुखणं आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्ट्या-शिळ्या तुकड्यांची भीक सोडायला सांगितलं. आपल्या हाताने केलेलं ताजं अन्न मानाने खाणं आणि दुसऱ्याला देणं, ही आपल्यासाठी साधी गोष्ट नाही. म्हणून मळायला घरातल्या पुरुषांना आणि मुलग्यांनाही बसवा. चिंता त्यांनाही असते, ते बोलत नाहीत एवढंच.

पाव पुरत नाही तेव्हा

पाव हे औषध नाही. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कामात मन नाही, दारू वाढली आहे, किंवा जगावंसं वाटत नाही, असं असेल तर थांबू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ताप आला तर आपण दवाखान्यात जातो, मनाच्या दुखण्याला लाज कसली?

सहा पाव झाले की एक बाजूला ठेवा. गल्लीत जी एकटी राहते, जो हल्ली बोलेनासा झाला आहे, त्याच्या दारात तो घेऊन जा. आणि लगेच परत येऊ नका, थोडं बसा.

नमो बुद्धाय! जय भीम!