वेबसाइटचा गाळा भाड्याचा, पाटी मात्र आपल्या नावावर

अजिंठा-वेरूळला आलेला पाहुणा आपल्या शहरातून हिमरूची शाल किंवा बिदरीची डबी घेऊन जातो. पुढे आणखी चार नग मागवायचे तर त्याला कारागिराचा पत्ता सापडत नाही. छोटी वेबसाइट इथे उपयोगी पडते. ती काढताना दोन गोष्टी विकत घ्याव्या लागतात, आणि आपले बांधव त्यांची गल्लत करतात.

पहिली होस्टिंग, म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटरवर भाड्याने घेतलेली जागा. शहागंजातल्या गाळ्यासारखी, पटली नाही तर सोडावी, दुसरी घ्यावी. दुसरी गोष्ट डोमेन, म्हणजे दुकानाची पाटी. वेबसाइट बनवून देणारा मुलगा पुष्कळदा ही पाटी सोयीसाठी स्वतःच्याच नावावर नोंदवतो. उद्या त्याच्याशी बिनसले किंवा तो गाव सोडून गेला, तर छापलेली कार्डे आणि वर्षानुवर्षांची गिऱ्हाइके त्या पाटीबरोबर जातात. तेव्हा नोंदणी आपल्या नावाने, आपल्या ई-मेलवर आणि आपल्या मोबाइलवरच करावी, पासवर्डही आपल्याकडे ठेवावा. मुदतीची तारीख वहीत लिहावी. डॉट कॉम नाव रद्द झाल्यावर ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येते. त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतो.

जागा किती लागते? चाळीस शालींचे फोटो प्रत्येकी २०० केबीचे केले तर सगळे मिळून ८ एमबी. एक जीबीसुद्धा खूप झाली. ‘अमर्याद जागे’साठी जादा पैसे मोजणे आम्हाला तरी व्यर्थ वाटते.

भावाचे म्हणाल तर पहिल्या वर्षाचा दर पाहू नये. तो आमिषाचा असतो. दुसऱ्या वर्षीचा दर १८ टक्के जीएसटी धरून विचारावा. वेबसाइटचे सुरक्षा प्रमाणपत्र आता फुकट मिळते, त्याचे वेगळे पैसे मागणाऱ्याला कारण विचारावे. आणि कंपनी काहीही म्हणो, महिन्यातून एकदा वेबसाइटची पूर्ण प्रत आपल्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी.

शहराचे अधिकृत नाव २०२३ मध्ये बदलले. ज्यांच्या डोमेनमध्ये ‘औरंगाबाद’ आहे त्यांनी ते सोडू नये. परदेशी गिऱ्हाईक अजून हिमरू त्याच नावाने शोधू शकते. नवे नाव हवे असेल तर तेही घ्यावे. दोन्ही पाट्या एकाच गाळ्यावर लावता येतात.