लुकलुकणारा दिवा : कुणाचा, कशासाठी आणि आपल्या ट्रॉलीला कोणता?



गळीत हंगामात आपल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. काट्यावर थांबलेल्या गाड्यांकडे नजर टाकली तर आम्हाला एक गोष्ट नेहमी दिसते. कुणी ट्रॅक्टरच्या टपावर निळा लुकलुकता दिवा बसवलेला असतो, कुणी पुढे रंगीत दिव्यांची माळ सोडलेली असते, आणि त्याच गाडीच्या ट्रॉलीला मागे साधा लाल दिवासुद्धा नसतो. हौसेला मोल नाही हे खरे, पण रस्त्यावर दिव्याला अर्थ असतो. तो अर्थ समजावून घेण्यासाठी हा पाठ.

आधी घाटाखालचे एक उदाहरण घेऊ. मालवण तालुक्यातले धामापूर पुष्कळांना तिथल्या तळ्यामुळे माहीत असेल. 1530 सालचे हे तळे. 2020 साली आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन रचनेचा मान दिला. कुडाळ-मालवण रस्ता याच गावावरून जातो. झाडी दाट, वळणे पुष्कळ. रात्री समोरची गाडी दिसण्याआधी तिच्या दिव्याचा उजेड झाडांवर पडलेला दिसतो. या भागातला अत्यवस्थ रुग्ण कुडाळ-ओरोसला आणि वेळ पडली तर पुढे गोव्यात बांबोळीला न्यावा लागतो. अशा रस्त्यावर वळणापलीकडे दिवा लुकलुकला की समोरच्याने क्षणात ओळखले पाहिजे, की ही रुग्णवाहिका आहे, गाडी बाजूला घ्या. पण चार हौशी गाड्यांनी तसलेच दिवे लावले असतील, तर पाचव्या वेळी खरी रुग्णवाहिका आली तरी माणूस म्हणतो, "असेल कुणीतरी!" नुकसान होते ते तिथे.

आता नियम पाहू. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 108 वा नियम दिव्यांच्या रंगाचा आहे. त्याचे सूत्र सोपे : गाडीच्या पुढच्या बाजूला लाल दिवा दिसता कामा नये, आणि मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दिसता कामा नये. कारण उघड आहे. अंधारात लाल दिसले की आपण कुणाच्या तरी पाठीमागे आहोत आणि पांढरे दिसले की कुणीतरी समोरून येत आहे, हे डोळ्यांना न विचारता कळते. याला थोडे अपवाद ठेवले आहेत : वळण दाखवणारा पिवळा इंडिकेटर, नंबर प्लेटवरचा पांढरा दिवा, रिव्हर्सचा पांढरा दिवा, आणि खास आपल्यासाठी म्हणजे रात्री नांगरट करताना अवजारावर उजेड पाडणारा ट्रॅक्टरचा दिवा. हा शेवटचा दिवा शेतात चालतो. रस्त्यावर आल्यावर तो बंद करायचा, नाहीतर मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

टपावरच्या दिव्याची गोष्ट वेगळी. एके काळी लाल दिवा म्हणजे मोठेपणा असे समीकरण झाले होते. 10 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला आवर घातला. पुढे 19 एप्रिल 2017 रोजी केंद्र सरकारने निर्णय घेतला आणि 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या गाडीवरचे दिवेसुद्धा उतरले. लाल, निळा आणि पांढरा असे बहुरंगी लुकलुकते दिवे आग, आपत्ती आणि कायदा-सुव्यवस्था अशा तातडीच्या कामाच्या वाहनांसाठी राहिले. रुग्णवाहिकेला दिव्याची वेगळी मुभा आहेच. त्या वाहनांनीही दिवा आणि भोंगा खऱ्या तातडीच्या वेळीच वापरायचा असतो. जिथे मंत्र्यांचा दिवा उतरला तिथे आपल्या ट्रॅक्टरवर तो शोभेल कसा?

टपावरच्या पिवळ्या दिव्याबद्दलही गैरसमज आहे. विमानतळ, बंदर अशा आवारातच फिरणाऱ्या आणि बाहेरच्या रस्त्यावर न येणाऱ्या वाहनांसाठी नियमात तो धरला आहे. तो लावून ट्रॅक्टर हमरस्त्यावर आणण्याची परवानगी त्यातून मिळत नाही.

अशी तातडीची गाडी मागून आली आणि वाट दिली नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या 194-ई कलमाखाली 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. 2019 च्या दुरुस्तीने हे कलम आले. भरल्या डबल ट्रॉलीला एकदम कडेला घेणे अवघड असते, हे आम्ही जाणतो. म्हणून आवाज कानी पडताच वेग कमी करावा, घट्ट साइडपट्टी पाहून डावीकडे घ्यावे. आणि टेपचा आवाज एवढा नसावा की भोंगाच ऐकू येणार नाही.

आता आपल्या गाडीकडे वळू. मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे, असा नियम आहे. हिशेब करून पाहा. ताशी 60 किलोमीटरने येणारी मोटारसायकल सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. 155 मीटरवरून लाल दिवा दिसला तर त्या पोराला 9 सेकंद मिळतात. दिवा नसेल आणि उसाची मोळी 50 मीटरवर नजरेला पडली, तर हाती 3 सेकंद. समोरून प्रखर उजेड आला तर तेवढेही नाहीत. त्या मोटारसायकलवर आपल्याच गावचा कुणीतरी असतो.

तेव्हा सभासदांनी आणि वाहतूकदारांनी एवढे करावे :

1. प्रत्येक ट्रॉलीला स्वतःचा लाल दिवा आणि इंडिकेटर हवा. ट्रॅक्टरचे दिवे उसाआड झाकले जातात. जोडाची वायर आणि पिन रोज तपासावी.

2. मागे लाल रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांनी झाकले जाणार नाहीत असे लावावेत. चिखल-धूळ फडक्याने पुसावी. बैलगाडीलाही मागे लाल रिफ्लेक्टर हवाच.

3. चारही इंडिकेटर एकदम लावायचे ते गाडी बंद पडून उभी असताना. चालत्या गाडीत ते चालू ठेवले तर आपण कुठे वळणार हे मागच्याला कळत नाही.

4. पंक्चर झाल्यास मागे बऱ्याच अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा. चाकाला लावलेला दगड निघताना उचलून कडेला टाकावा. रस्त्यावर राहिलेला दगड पुढच्याचा जीव घेतो.

5. टपावरचे निळे-लाल दिवे आणि रंगीत माळा उतरवाव्यात.

एका दिव्याचा आणि चार रिफ्लेक्टरचा खर्च उसाच्या एका खेपेपुढे काहीच नाही. आपला ऊस वेळेवर गव्हाणीत पडावा ही आपली सर्वांची इच्छा आहे. तो आणणारा ड्रायव्हर आणि त्याच्या मागून येणारा वाटसरू, दोघेही घरी सुखरूप पोचावेत, एवढी काळजी प्रत्येक सभासदाने घ्यावी, ही नम्र विनंती.