खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीतील शेवाळ व जिवाणू
(सामान्य विज्ञान : इयत्ता ५ वी ते ७ वी. दोन तासिका व तीन आठवड्यांचे निरीक्षण)

उद्देश : पाण्यात शेवाळ व जिवाणू का माजतात हे विद्यार्थ्यांस समजावे; आणि त्यांना मारीत बसण्यापेक्षा त्यांचे अन्न तोडणे हाच खरा उपाय होय, हे प्रयोगाने पटावे.

प्रस्तावना : हिंगोली जिल्ह्यातील पुष्कळ मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. म्हणून पाठाचा प्रारंभ परिचित पाण्यापासून करावा. कयाधूच्या डोहातील किंवा गुरांच्या हौदातील हिरवा थर मुलांनी पाहिलेला असतो. त्याविषयी बोलून झाल्यावर शिक्षकाने विचारावे, “मिठाच्या पाण्यात शेवाळ धरेल काय?” मिठात घातलेले लोणचे टिकते हे ठाऊक असल्याने बहुतेक मुले ‘नाही’ म्हणतील. तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे उदाहरण द्यावे. ते पाणी खारट व क्षारयुक्त असूनही नील-हरित शेवाळामुळे हिरवे दिसते. जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे दिसून आले.

विषय-विवेचन : मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले व समुद्रातील मासे काचेआड पाहण्याची सोय झाली. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तसे पाणी काचपेटीत भरले म्हणजे समुद्र तयार होत नाही. समुद्र अफाट आहे. तेथे माशांची विष्ठा विरून जाते. पेटीत ती साचते.

विष्ठा व उरलेले अन्न कुजले की अमोनिया उत्पन्न होतो. तो माशांस विषारी असतो. काही उपकारक जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात व दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे कार्य जिवाणूंचे आहे, हे रशियन शास्त्रज्ञ विनोग्रादस्की यांनी १८९० च्या सुमारास दाखविले. नव्या पेटीत हे जिवाणू स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर फार मासे सोडू नयेत.

शेवटी उरलेला नायट्रेट म्हणजे नत्रच. त्यास अन्नातील स्फुरदाची जोड मिळते. शेतकऱ्याच्या मुलास हे सांगताच उमजेल की, पेटीत खत पडले आहे. आता प्रकाश मिळाला की पीक येणारच. ते पीक म्हणजे शेवाळ. नव्या पेटीत प्रथम तपकिरी थर येतो. पुढे कधी तांबूस, बुळबुळीत चादर पसरते. तिला लोक शेवाळ म्हणतात, परंतु वस्तुतः ते नील-हरित जिवाणू होत.

उपाय :
१. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील इतकेच अन्न घालावे. उरलेले काढून टाकावे.
२. पेटीवर थेट ऊन पडू देऊ नये. दिवा सुमारे आठ तासच लावावा.
३. दर एक-दोन आठवड्यांनी दहावा ते पाचवा हिस्सा पाणी काढून तितक्याच खारटपणाचे नवे पाणी घालावे. मात्र वाफ होऊन घटलेले पाणी गोड्या पाण्यानेच भरावे. कारण वाफेबरोबर मीठ जात नाही.
४. पाणी सर्वत्र खेळते ठेवावे.
५. गाळणीचा स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने उपकारक जिवाणू मरतात.
६. औषध हा शेवटचा उपाय समजावा. पुष्कळ शेवाळ एकदम मेले तर ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे गुदमरतात. जिवाणुनाशक औषधाने उपकारक जिवाणूही मरून अमोनिया वाढू शकतो.

प्रयोग : तीन सारख्या बरण्यांत तळ्याचे पाणी घ्यावे. पहिलीत व तिसरीत अर्धा-अर्धा चमचा शेणखत घालावे. दुसरीत काही घालू नये. तिसरी काळ्या कागदाने पूर्ण झाकावी. डास होऊ नयेत म्हणून प्रत्येकीच्या तोंडास फडके बांधावे आणि तिन्ही बरण्या उजेडात ठेवाव्यात. तीन आठवडे रंग व वास यांची नोंद ठेवावी. बहुधा पहिली सर्वांत हिरवी होईल, दुसरी कमी हिरवी होईल. तिसरीत खत असूनही शेवाळ वाढणार नाही. बरण्या हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. शेवटी ते पाणी विहिरीपासून दूर ओतावे.

शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावे : या पाठावरून ‘जिवाणू चांगले, क्लोरीन वाईट’ असा समज मुलांनी घरी नेऊ नये. मत्स्यपेटीतील पाणी माशांचे घर आहे. पिण्याचे पाणी माणसाच्या पोटात जाते. हगवण, विषमज्वर व कॉलरा यांचे जंतू स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही असू शकतात. म्हणून गावच्या विहिरीत व टाकीत ब्लीचिंग पावडर योग्य प्रमाणात पडलीच पाहिजे. परंतु विहिरीच्या काठी उकिरडा तसाच ठेवून केवळ पावडरीवर विसंबणे म्हणजे पेटीत अन्न ओतून शेवाळ खरवडीत बसण्यासारखेच आहे.

फळ्यावरील सारांश : खत + प्रकाश = शेवाळ. अन्न तोडा, प्रकाश आवरा, उपकारक जिवाणू जपा. पिण्याचे पाणी मात्र निर्जंतुक करा.

प्रश्न :
१. पेटीतील घटलेले पाणी खाऱ्या पाण्याने भरल्यास काय होईल?
२. तिसऱ्या बरणीत खत असूनही शेवाळ का वाढले नाही?
३. आपल्या गावातील पाणवठ्यात ‘खत’ कोठून येते? पाहून यादी करा.