मुलाला ‘पाप’ हे उत्तर देऊ नका

२५ जून २०१८ च्या पहाटे मुंबईतल्या आपल्या अँटॉप हिलला लॉइड्स इस्टेटलगतच्या बांधकामाची संरक्षक भिंत कोसळली आणि आवारात उभ्या असलेल्या गाड्या खड्ड्यात गेल्या. माणूस मात्र एकही दगावला नाही. ‘देवानेच राखलं’ असं तेव्हा जो तो म्हणत होता, आणि मनापासून म्हणत होता. पुढच्याच वर्षी जुलैच्या सुरुवातीला मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाच्या आवाराची भिंत मध्यरात्री झोपड्यांवर पडली. सुमारे ३० माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. आता तुमच्या मुलीने विचारलं, ‘मग देवाने त्यांना का नाही राखलं? त्यांनी काय केलं होतं?’ तर काय सांगाल?

बऱ्याच घरांत उत्तर तयार असतं. मागच्या जन्मीचं पाप, कर्माचे भोग, नशीब. पालकहो, माझी एवढीच विनंती आहे की हे उत्तर मुलांना देऊ नका.

झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचं मुलांच्या नैतिक समजुतींवरचं पुस्तक १९३२ चं. त्याने मुलांना एक गोष्ट सांगितली. एक मुलगा सफरचंदं चोरून पळतो, वाटेत पुलाची कुजकी फळी मोडते आणि तो पाण्यात पडतो. चोरी न करता त्याच फळीवरून गेला असता, तर पडला असता का? सहा-सात वर्षांची बरीचशी मुलं म्हणाली, नसता पडला. म्हणजे फळीलाही चोर कळतो, असं मूल आधीच धरून चाललेलं असतं. त्यात आपण पापाची भर घातली की आई आजारी पडल्यावर ते गुपचूप स्वतःचा गुन्हा शोधू लागतं. मी खोटं बोललो म्हणून आईला ताप आला. हे ते कुणाला सांगतही नाही.

मी श्रद्धा सोडा म्हणत नाही. हा प्रश्न धर्मांनाही छळत आलाय. ब्रह्मसूत्रांत देवावरचा पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा आरोप सरळ मांडलाय, आणि ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे फळ, असं उत्तर दिलंय. शंकराचार्य तिथे पावसाचं उदाहरण देतात. पाऊस सगळ्यांना सारखाच, पीक मात्र बियाण्याप्रमाणे. युक्तिवाद म्हणून भक्कम आहे. पण तो देवाच्या बाजूने केलेला आहे. आपण तो उचलून थेट आजाऱ्याच्या उशाशी नेतो. बायबलमधल्या ईयोब या संकटात सापडलेल्या सज्जन माणसाच्या मित्रांनी हेच केलं. (आपले मुसलमान शेजारी त्याला अय्यूब पैगंबर म्हणून मानतात.) सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर ठीक होतं. मग तोंड उघडलं आणि तुझंच काही चुकलं असणार म्हणाले. गोष्टीच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. येशूलाही एका जन्मांधाबद्दल शिष्यांनी विचारलं होतं, पाप याचं की याच्या आईबापांचं? दोघांचंही नाही, असं त्याचं उत्तर आहे.

डॉ. आंबेडकरांनी तर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलं. गरिबाची दशा त्याच्या गतजन्माच्या माथी मारली की राज्य आणि समाज जबाबदारीतून सुटतात. मला हे सगळ्यांत जास्त पटतं.

पाप-पुण्याच्या या हिशेबात भरडली गेलेली माणसं आपल्या हाकेच्या अंतरावर होती. वडाळ्याचं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० मध्ये बेघर महारोग्यांचा आश्रम म्हणून सुरू झालं. ज्यांच्या नावाने ते ओळखलं जातं ते ॲकवर्थ मुंबईचे पालिका आयुक्त. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेत हान्सेनने १८७३ मध्येच शोधला होता, तरी आपल्याकडे ‘कुठल्या जन्मीचं पाप’ हे निदान कितीतरी पिढ्या टिकलं. लोकांनी बायका टाकल्या, आईबाप घराबाहेर काढले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून गेलं ते २०१९ मध्ये! जंतूला पाप-पुण्य कळत नाही. बहुतेकांच्या अंगात त्याला रोखण्याची ताकद असते, काहींच्या नसते, बस्स. आज सहा महिने ते वर्षभर मोफत गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर पत्रिका बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

म्हणून मुलाने विचारलं तर आधी जे खरं ते सांगा. भिंत पाण्याच्या आणि मातीच्या दाबाने पडते, ती बांधताना-तपासताना माणसं चुकतात, आणि तिच्या पायथ्याशी राहावं लागतं ते गरिबालाच. आजार जंतूने होतो, कधी पेशी बिघडल्याने. काही गोष्टींचं कारण कुणालाच सापडत नाही. तिथे ‘मला ठाऊक नाही’ म्हणायला लाजू नका. देवापाशी हात जोडायचे तर मुलासोबत जरूर जोडा. पण ‘त्याने काही केलं नव्हतं’ हे वाक्य गाळू नका. आणि मुलाच्या वर्गातल्या कुणाचे वडील गेले असतील, तर त्या घरी मुलाला बरोबर घेऊन जा. वाटेतच हे वाक्य त्याला सांगून ठेवा.